पहिल्यांदाच गोड बातमी: टेस्टपासून सगळ्यांना सांगेपर्यंत काय, कधी आणि कसं

पाळी चुकली की डोक्यात एकदम दहा गोष्टी सुरू होतात, टेस्ट आज करू का उद्या, डॉक्टर कोणते, आईला आत्ताच सांगू का थांबू, सासूबाईंना नंतर कळलं तर वाईट वाटेल का, ऑफिसात काय सांगायचं. आमच्या घरातल्या आणि बिल्डिंगमधल्या इतक्या मुली हे सगळं विचारतात की शेवटी एकत्र लिहून काढतेय. हे मुख्यतः पुण्यात दोघंच राहणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे फ्लॅट वाकडला नाहीतर खराडीला, सासर साताऱ्याला, माहेर नाशिकला आणि घरात पटकन विचारायला मोठं माणूस नाही. मी डॉक्टर नाही, तब्येतीच्या बाबतीत तुमचे डॉक्टर म्हणतील तेच खरं, पण कशानंतर काय करायचं हे माहीत असलं की निम्मी घालमेल तिथेच कमी होते.

१. टेस्ट

पाळी नियमित असेल तर चुकल्याच्या दिवसापासून घरची टेस्ट करता येते, दोनतीन दिवस थांबलात तर उत्तर जास्त स्पष्ट येतं. पीसीओडी आहे, पाळी कधीही येते, त्यांना "चुकली" हेच कळत नाही, तर त्यांनी शेवटच्या संबंधांनंतर तीन आठवडे सोडून टेस्ट करावी. किट प्रेगा न्यूज, आय-कॅन, कुठलंही चालेल, मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, फक्त पाकिटावरची एक्स्पायरी बघा. आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला सासऱ्यांच्या ओळखीचा असेल तर सरळ दुसऱ्या एरियातून आणा किंवा ऑनलाइन मागवा, यात लाजण्यासारखं काही नाही, नवऱ्याने आणलं तर अजून बरं.

सकाळची पहिली लघवी घ्यायची कारण रात्रभरात ती दाट झालेली असते, एचसीजी हे हार्मोन त्यात लगेच सापडतं. स्वच्छ कोरड्या वाटीत घेऊन ड्रॉपरने किटवर लिहिलंय तेवढेच थेंब खाचेत टाकायचे (बहुतेक किटांत तीन असतात), किट सपाट जागेवर ठेवायचं, आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. सी पाशी एक रेघ म्हणजे टेस्ट नीट झाली पण निगेटिव्ह, सी आणि टी दोन्हीपाशी रेघ म्हणजे पॉझिटिव्ह, सी पाशी रेघच नाही तर ते किट फुकट गेलं, दुसरं घ्या. टी ची रेघ फिकट आली तरी वेळेत आली असेल तर ती बहुतेक वेळा पॉझिटिव्हच असते, दोन दिवसांनी परत केली की गडद दिसेल कारण सुरुवातीला एचसीजी साधारण दोनतीन दिवसांत दुप्पट होत जातं. मात्र किट बेसिनवर विसरलात आणि तासाभराने रेघ दिसली तर ती धरायची नाही. निगेटिव्ह आली आणि पाळीही आली नाही तर आठवड्याने परत करा, तरीही तेच, तर डॉक्टरकडे.

टेस्टच्या वेळी दोघं घरी असाल असा दिवस धरा. नवरा नाइट शिफ्टला असेल नाहीतर बंगळुरूला असेल तर आदल्या रात्री बोलून ठरवा की एकटीने करायची का थांबायचं. आजकाल लपवलेला मोबाइल लावून नवऱ्याचा चेहरा शूट करतात, माझं स्पष्ट मत आहे की ते करू नका. पहिल्या मिनिटाला माणूस नुसता गप्प बसतो, कुणी पाणी प्यायला उठतो, कुणी "परत एकदा करून बघूया का" म्हणतो, आणि तिला वाटतं याला आनंद झालाच नाही. झालेला असतो, फक्त आत पोचायला वेळ लागतो. बायकांचंही तसंच, वाट बघत होतीस आणि आता रडू येतंय, भीती वाटतेय, तर त्यात काहीही वावगं नाही. तो दिवस तुमच्या दोघांचाच ठेवा. कुणालाही फोन नाही, एक रात्र जाऊ द्या.

२. किती आठवडे झाले ते मोजा

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. दिवस गर्भ राहिल्यापासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच तुम्हाला चार आठवडे झालेले असतात. पूर्ण धरले तर २८० दिवस, ४० आठवडे. सोपा हिशोब असा, शेवटच्या पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा आणि पुढे नऊ महिने मोजा, पाळी १० जूनला आली असेल तर अंदाजे तारीख १७ मार्च. हे २८ दिवसांच्या पाळीचं गणित, तुमची पाळी लांबत असेल तर सोनोग्राफीनंतर डॉक्टर तारीख बदलू शकतात, घाबरू नका.

डॉक्टर आठवड्यांत बोलतात आणि घरची मंडळी महिन्यांत. आई म्हणते "तिसरा लागला", डॉक्टर म्हणतात नऊ आठवडे, दोघंही एकच सांगतायत. घरी सांगताना हे लक्षात ठेवा, नाहीतर फोनवर अर्धा तास कोणता महिना यावरच जातो.

३. डॉक्टर

टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून त्याच संध्याकाळी सोनोग्राफीला पळू नका. चारपाच आठवड्यांना काहीच दिसत नाही किंवा नुसती पिशवी दिसते, आणि "ठोके दिसत नाहीत" हे वाक्य ऐकून घरी येऊन दोघंही रात्रभर जागे. ठोके साधारण सहासात आठवड्यांना दिसायला लागतात. त्यामुळे फोन करून अपॉइंटमेंट घ्या, डॉक्टर सांगतील तेव्हा जा. पण पोटात एका बाजूला जोरात दुखतंय, खूप रक्त जातंय, चक्कर येतेय, खांद्यात दुखतंय, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर तो जिवाशी खेळ आहे. थोडं डाग लागणं बऱ्याच जणींना होतं, तरी फोन करून सांगाच.

फोलिक ॲसिड सुरू नसेल तर पहिल्या फोनवरच विचारा. साधारण रोज ४०० मायक्रोग्रॅम देतात, पहिले बारा आठवडे तरी, आणि ते लवकर हवं याचं कारण असं की बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच तयार होतो. थायरॉइड, बीपी, शुगर, फिटची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि डोकं दुखलं म्हणून घरातली कुठलीही पेनकिलर घेऊ नका, आधी विचारा.

हॉस्पिटल निवडताना लोक नाव बघतात, मी म्हणेन आधी रस्ता बघा. संध्याकाळी सहा वाजता घरापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो ते एकदा खरंच जाऊन बघा, विद्यापीठ चौकात नाहीतर वाकडच्या पुलावर अडकलात की कळेल. मग विचारा, नवजात बाळांचं आयसीयू आहे का, रात्री भूलतज्ज्ञ असतात का, रक्ताची सोय कुठून, लेबर रूममध्ये नवऱ्याला सोडतात का, नॉर्मल आणि सिझेरियनचा खर्च किती. खासगीचा खर्च झेपणारा नसेल तर ससून आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे, पिंपरीला वायसीएम आहे. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, आणि तिथे नाव नोंदवलं की माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. अटींत बसत असाल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये हप्त्यांनी मिळतात, अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारा, त्या फॉर्म भरून देतात.

पहिल्या भेटीत रक्त भरपूर काढतात, हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस, थॅलेसेमिया, हे सगळ्यांचंच करतात, तुमच्यावर कुणी संशय घेत नाहीये. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगा, पुढे तुमचं रक्त बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून अँटी-डी इंजेक्शन लागतं. सोनोग्राफीला ओळखपत्र न्या, एक फॉर्म भरून घेतात, तो गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे. मुलगा का मुलगी हे विचारणं हासुद्धा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० पर्यंत दंड, आणि हे विचारायला लावणाऱ्या नातेवाइकांनाही लागू आहे. घरातून कुणी "डॉक्टर ओळखीचे आहेत, हळूच विचार" म्हणालं तर नवऱ्याने तिथल्या तिथे गप्प करायचं. सुनेवर ढकलायचं नाही.

४. कुणाला आधी सांगायचं

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण यादी अशी करतात की कुणाला जास्त आनंद होईल, कुणाचा मान आधी. मी सगळ्यांना उलटं सांगते: उद्या काही बिनसलं, रात्री दोनला हॉस्पिटलला जावं लागलं, तर तुम्ही कुणाला फोन करणार? ती माणसं पहिली. आईवडील सोडले तर बाकी सगळे बारा आठवड्यांनंतर.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही असं आपल्याकडे म्हणतात त्यात नजर लागण्याची भीती आहे हे खरं, पण त्यामागे अनुभवही आहे. कळून आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के टिकत नाहीत आणि त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात, बऱ्याचदा गर्भातच गुणसूत्रांचा दोष असतो म्हणून. जिना चढली, काम केलं, प्रवास केला म्हणून सहसा नाही. हे दोघांनी आधीच वाचून ठेवा, कारण तसं झालंच तर पहिला प्रश्न "काय केलंस गं" हाच येतो आणि त्याचं उत्तर नवऱ्याच्या तोंडी तयार पाहिजे. पण म्हणून कुणालाच न सांगणं हेही चुकीचं. तीन महिने उलट्या, थकवा, भीती सगळं एकटीने झाकायचं आणि वर काही वाईट घडलं तर तेही एकटीने, असं कुणावर येऊ नये. म्हणून तो छोटा गट. एखादी बहीण, एखादी मैत्रीण, जिच्याकडे गाडी आहे आणि जी तोंडाची पक्की आहे अशी शेजारीण सुद्धा. आणि त्याच वेळी ठरवून टाका की वाईट बातमी द्यायची वेळ आली तर फोन कोण करेल. तिने नाही. नवऱ्याने किंवा बहिणीने.

५. दोन्ही घरी

आईवडिलांना कधी सांगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, कुणी टेस्टनंतर दुसऱ्या दिवशी सांगतात, कुणी ठोके दिसल्यावर. मला ठोके दिसल्यावरचं बरं वाटतं, सहासात आठवडे, म्हणजे सांगायला काहीतरी पक्कं हातात असतं. पण एक नियम पाळा: दोन्ही घरी एकाच दिवशी. माहेरी शनिवारी आणि सासरी पुढच्या गुरुवारी असं झालं की ते कधी ना कधी बाहेर येतंच, आणि पुढची वीस वर्षं ऐकावं लागतं.

जवळ असतील तर जाऊन सांगा. साताऱ्याला जाता येत असेल तर व्हिडिओ कॉल नको, पण उलट्या होत असतील तर प्रवासाचा अट्टहासही नको. फोनवर सांगायचं तर दोघं एकत्र बसा, जेवणं उरकल्यावरची वेळ धरा, आणि "तुम्ही आजीआजोबा होणार" एवढं साधं सांगा. माझ्या मावसबहिणीने कोथरूडहून सासरी सांगितलं तेव्हा सासूबाई गॅसवर आमटी ठेवून बोलत होत्या, ऐकलं आणि काही न बोलता फोन ओट्यावर उभा ठेवून आत गेल्या, इकडे या दोघांना नुसती फोडणीची वाटी आणि टाइल्स दिसतायत, आवाज नाही. पाच मिनिटांनी डोळे पुसत आल्या, देवापुढे साखर ठेवून आल्या होत्या, आणि पहिलं वाक्य काय, "आता स्कूटी बंद."

स्कूटीचं ते वाक्य सगळ्याच घरांत येणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. तब्येत ठीक असेल तर गाडीवर बसलं म्हणून गर्भाला काही होतं असं नाही, खरी भीती पडण्याची आहे आणि आपल्या रस्त्यांवरचे खड्डे नि स्पीडब्रेकर बघता ती खोटी नाही. डॉक्टरांना विचारा, चक्कर येत असेल तर सोडाच, मेट्रो तुमच्या वाटेवर असेल तर ती सगळ्यात बरी.

"अजून कुणाला सांगू नका" हे त्यांना कसं सांगायचं? बातमी देतानाच अट घातली की आनंदावर पाणी पडतं. त्या दिवशी त्यांना रडू द्या, हसू द्या, देवाला जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी परत फोन करा आणि नाव घेऊन सांगा, "आई, मोठ्या मावशीला आणि भिशीतल्या बायकांना अजून नाही, बारा आठवड्यांची सोनोग्राफी झाली की आपण मिळूनच सांगू." नुसतं "कुणाला नको" म्हटलं की त्यांच्या हिशोबात सख्खी बहीण त्या कुणात येत नाही. आपापल्या घरच्यांना आपापलं माणूस सांगेल, सासूला सुनेने बजावायचं नाही. घरात चोरओटीची पद्धत असेल, ती तिसऱ्या महिन्यात चार बायकांत गुपचूपच भरतात, तर ती होऊ द्या, त्यातून आईलाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

सल्ल्यांचा पूर येणार. कच्ची पपई नको हे डॉक्टरही सांगतात. केशराने बाळ गोरं होतं हे खरं नाही, पण आवडत असेल तर चिमूटभर केशर घालून दूध प्या. दोघांचं जेव हे पहिल्या तिमाहीत अजिबात लागू नाही, तेव्हा अन्न पोटात राहिलं तरी खूप, सकाळी उठायच्या आधी कोरडी खारी नाहीतर चुरमुरे, दिवसभर थोडं थोडं, लिंबू आणि आल्याचा तुकडा जवळ. पाणीसुद्धा ठरत नसेल, लघवी कमी होत असेल तर सलाइन लागू शकतं, सहन करत बसू नका. चतुर्थी, एकादशीचे कडक उपास या काळात सोडा.

६. ऑफिस

कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, २०१७ पासून, त्याआधीच्या बारा महिन्यांत तिथे ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे, आणि तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते. बाळंतपणाच्या रजेवर असताना काढून टाकता येत नाही. मॅनेजरला बारा आठवड्यांनंतर सांगितलं तरी चालतं, पण आधी त्याला किंवा तिला एकटं गाठून सांगा, टीमच्या कॅंटीनमधून कळायला नको, आणि त्याच दिवशी एचआरला मेल टाका म्हणजे लेखी राहतं. तुमचं काम लॅबमधलं असेल, केमिकल, एक्स-रे, जड उचलणं, सलग नाइट शिफ्ट, तर बारा आठवडे थांबू नका, लगेच सांगा. मेडिक्लेममध्ये बाळंतपणाचा खर्च किती धरलाय आणि बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर होतं का हे पण याच आठवड्यात बघून घ्या, नवी पॉलिसी आत्ता काढली तर वेटिंग पिरियडमुळे या बाळंतपणाला सहसा उपयोग होत नाही. नवऱ्याला किती दिवस रजा मिळते ते कंपनीकंपनीवर आहे, त्याने त्याच्या एचआरला आत्ताच विचारावं.

७. मग सगळ्यांना

११ ते १४ आठवड्यांच्या मध्ये एनटी स्कॅन ही सोनोग्राफी आणि त्यासोबत डबल मार्करची रक्ततपासणी होते, बाळाला गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता किती ते त्यातून बघतात, ती नीट आली की बरेच जण जाहीर करतात. त्याआधी एक काम करा. तुमच्या ओळखीत अशी कुणीतरी असतेच जी कित्येक वर्षं ट्रीटमेंट घेतेय, किंवा जिचं नुकतंच गेलंय. तिला ग्रुपवरून कळू देऊ नका. तिला वेगळा मेसेज करा, फोन नको, कारण फोनवर तिला लगेच आनंद दाखवावा लागतो. "तुला माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहितेय, लगेच रिप्लाय नाही केलास तरी चालेल" एवढं पुरे. आणि डोहाळजेवणाला ती आली नाही तर मनात धरू नका.

व्हॉट्सॲपवर टाकायचं तर सोनोग्राफीचा फोटो तसाच टाकू नका, त्यावर तुमचं नाव, वय, सेंटरचं नाव, तारीख सगळं छापलेलं असतं. कापून टाका किंवा टाकूच नका. पेढे वाटायची हौस असेल तर चितळ्यांकडून आणा, काका हलवाईंकडून आणा, आणि "पेढे म्हणजे मुलगा वाटतं" असं कुणी म्हणालं की "आमच्याकडे आनंदाचे पेढे" म्हणून दुसरा हातावर ठेवा.

जाहीर झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: बाळंतपण माहेरी का सासरी. पहिलं माहेरी ही पद्धत आहे, पण नाशिकला जायचं तर तिथल्या डॉक्टरांकडे सहाव्यासातव्या महिन्यातच नाव घालावं लागतं, आयत्या वेळी कुणी घेत नाही, आणि नवऱ्याची रजा, इथलं हॉस्पिटल, इन्शुरन्सचं नेटवर्क हे सगळं त्यावर अवलंबून. ठरलं नसेल तर "अठराव्या ते विसाव्या आठवड्यातली मोठी सोनोग्राफी झाली की ठरवू" म्हणा, तोपर्यंत कुणाला शब्द देऊ नका. आणि पुण्यात राहा नाहीतर माहेरी जा, सगळे रिपोर्ट पहिल्या दिवसापासून एकाच फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा, प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा, आणि फाईलच्या पहिल्या पानावर रक्तगट, शेवटच्या पाळीची तारीख, चालू गोळ्या, डॉक्टरांचा नंबर आणि १०८ मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी शेजारणीच्या हातात नुसती फाईल दिली तरी काम होतं.